सीओईपीचं मेकॅनिकल की दुसरीकडचं कॉम्प्युटर? ऑप्शन फॉर्म भरायचाय, मदत करा

यंत्रमागकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येते आणि गुपचूप निघून जाते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेकीला एमएचटी-सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, ९८.७ पर्सेंटाइल आहेत. आम्ही विट्याचे, त्यामुळे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाचं विद्यापीठ) शिवाजी. घरचे सोळा माग आहेत, त्यावरच सगळं चालतं. कॅपचा (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंतीची यादी, तीन दिवसांत भरायचाय आणि आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की सभा भरते आणि ठराव काही होत नाही.

गेल्या वर्षीचे कटऑफ बघून वहीत तक्ता केलाय. सीओईपीचं (पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) कॉम्प्युटर मिळणार नाही हे उघड आहे. मेकॅनिकल काठावर दिसतंय. सांगलीला वालचंदमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मिळावं. पुण्यात एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर आहे पण तिथे आम्ही बाहेरच्या विद्यापीठाचे पडतो म्हणून खात्री नाही. आणि एका खाजगी विद्यापीठात एआय अँड डेटा सायन्स, तिथून रोज फोन येतोय, मॅडम सीट पक्की, फक्त टोकन भरा. फी वर्षाला साडेतीन लाख, हॉस्टेल वेगळं.

लेकीला मेकॅनिकल हवंय. ही लहानपणापासून आमच्या जॉबरच्या (माग दुरुस्त करणारा कारागीर) मागे पाना घेऊन फिरलेली. आठवीत असताना एकदा चालू मागातून धोटा उडाला आणि भिंतीवर आपटला, आम्ही सगळे मागे पळालो आणि ही पुढे, कुठला पट्टा सैल झाला ते बघायला. तर तिचं म्हणणं एकच, मला मशीन कळतं. माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो मेकॅनिकल घेऊन पोरीला शॉप फ्लोअरवर उभी करणार का, कुठलंही कॉलेज चालेल पण कॉम्प्युटरच घ्या. हिचे बाबा काही बोलत नाहीत, नुसता पंखा फास्ट करतात.

कॉलेज मोठं की ब्रँच मोठी? अनुभवी लोकांनी सांगा.

रिकामटेकडा_९

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा धागा दरवर्षी जुलैत निघतो आणि दरवर्षी दोनशे प्रतिसाद होतात.

शिवाजीनगर_स्थानक

सीओईपी. डोळे झाकून. १८५४ पासूनचं कॉलेज आहे, विश्वेश्वरय्या तिथून शिकून गेले, २०२२ पासून तर स्वतंत्र विद्यापीठ झालंय. नदीकाठचा बोट क्लब, रेगाटा, आणि रात्री तीनला हॉस्टेलच्या गच्चीवर चालणाऱ्या गप्पा हे कुठल्या एआय अँड डीएसमध्ये मिळणार सांगा. चार वर्षं तुमच्या आजूबाजूला कोण बसतंय यावर निम्मं शिक्षण होतं.

अर्धा_चहा

वरच्या प्रतिसादात बोट आली, गच्ची आली, विश्वेश्वरय्या आले. नोकरी राहिली.

मी मेकॅनिकल, पास आउट २०१४, चांगल्या सरकारी कॉलेजातून. पहिली नोकरी चाकणला, पगार १८ हजार, शिफ्ट तीन प्रकारच्या. बसने पहाटे पाचला निघायचं. माझा रूममेट माझ्यापेक्षा कमी मार्कांचा, साध्या कॉलेजातलं कॉम्प्युटर केलेला, तो त्याच वर्षी माझ्या दुप्पट घेत होता आणि दहाला उठत होता. मी दोन वर्षांनी जावा शिकून आयटीत आलो. म्हणजे शेवटी तिथेच यायचं होतं तर पिंपळाला प्रदक्षिणा कशाला घातली?

पोलादी_पोपट

@अर्धा_चहा, तुमचा अनुभव खरा आहे पण तो २०१४ चा आहे. मी मेटलर्जी केलं तेव्हा घरच्यांनी सुतक पाळलं होतं. आज कोल्हापुरात शिरोलीला फाउंड्रीत आहे, वितळलेल्या लोखंडाचं रसायन बघतो, भट्टीतून नमुना काढला की दोन मिनिटांत कार्बन-सिलिकॉन किती ते सांगावं लागतं, तोवर लॅडल अडून राहते आणि सुपरवायझर माझ्याकडे बघत उभा. मजा येते हो. पगार आयटीवाल्या मित्रांइतका नाही, पण फार मागेही नाही. आणि २०२५ च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं ते पण वाचा.

शिवाय ताई, शॉप फ्लोअरवर मुली नसतात हे तुमच्या भावाला कोणी सांगितलं? आमच्याकडे क्वालिटीत निम्म्या मुली आहेत आणि त्यांच्यासमोर सप्लायर चळचळा कापतात.

खडूसकाका

मी १९९७ चा. तेव्हा सीईटी वगैरे काही नव्हतं, बारावीचा पीसीएम ग्रुप बघायचे. सगळ्यांना ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) हवं असायचं, कॉम्प्युटर दुसऱ्या नंबरावर. मग २००१ ला अमेरिकेत डॉटकॉम आपटलं आणि दोन वर्षं कॉम्प्युटरवाल्यांची तोंडं बघवत नव्हती. मग २००५-०६ पासून गाड्यांचे कारखाने जोरात, मेकॅनिकल म्हणजे राजा. आता पुन्हा कॉम्प्युटर. म्हणजे आज जी ब्रँच सगळ्यात वर आहे ती तुमची मुलगी २०२९ ला बाहेर पडेल तेव्हा कुठे असेल हे ब्रह्मदेवाला पण माहीत नाही.

अवांतर: ताई विट्याच्या म्हणून सांगतो, आज गल्लोगल्ली कॉलेजं आहेत ती तुमच्याच जिल्ह्यातल्या वसंतदादांमुळे. १९८३ ला विनाअनुदानित कॉलेजांना त्यांनी परवानगी दिली. त्याआधी आमच्या मोठ्या भावाच्या वेळी सरकारी कॉलेजातली सीट हुकली की बीएस्सी किंवा शेती.

अर्धा_चहा

काका तुमचं चक्र बरोबर आहे, फक्त प्रत्येक चक्रात कॉम्प्युटरवाला मेकॅनिकलमध्ये आलेला एक दाखवा, मी उलटे पन्नास दाखवतो.

खडूसकाका

दाखवतो. माझा जावई. कॉम्प्युटर केलं, आता रोबोट वेल्डिंग लाईन बसवतो.

अर्धा_चहा

जावई चालत नाहीत, ते सगळ्या नियमांना अपवाद असतात.

सर_नाही_मास्तर

ताई, मी एका कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी स्क्रुटिनी सेंटरला (प्रवेशाची कागदपत्रं तपासायचं केंद्र) ड्यूटी लागते, म्हणून कॉलेज-ब्रँच या वादात न पडता आधी तक्त्याबद्दल विचारतो. तुम्ही कटऑफ बघितलेत ते कुठल्या रांगेतले? पीडीएफमध्ये प्रत्येक ब्रँचखाली कोड असतात. जीओपनएस, एलओपनएस, जीओपनएच, जीओपनओ असे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, या ३० टक्के असतात. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यपातळी, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे.

सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांच्या जागा राज्यपातळीवरच्या, तिथे तुम्ही विट्याच्या की वडगावच्या याने फरक पडत नाही. पुण्यातल्या खाजगी संलग्न कॉलेजात मात्र पुणे विद्यापीठवाल्यांना मोठा वाटा आणि तुम्हाला ओ ची रांग बघायची.

दुसरं, नुसता पर्सेंटाइल बघू नका, स्टेट मेरिट नंबर बघा. पर्सेंटाइल तोच राहतो पण बसणारी मुलं वाढली की नंबर मागे जातो.

यंत्रमागकरीण

अगं बाई! मी सगळीकडे जी चीच रांग बघितली. एल म्हणजे लेट राउंड असेल असं वाटलं होतं. आत्ता वही घेऊन बसते.

चिमणी_७७

एल म्हणजे लेट राउंड :) ताई तुम्ही फार गोड आहात.

यंत्रमागकरीण

दोन तास बसून सगळं परत लिहिलं. एल च्या रांगेत सीओईपीचं मेकॅनिकल काठावर नाही, बऱ्यापैकी आत आहे. इन्स्ट्रुमेंटेशन पण येतंय. वालचंदचं आयटी पण जवळ आलं. पुण्यातलं ते खाजगी कॉम्प्युटर ओ च्या रांगेत जरा वरच गेलं, म्हणजे ते बहुतेक नाही. मास्तर तुमचे आभार कसे मानू. हिचे बाबा पंखा बंद करून वही बघायला आले.

आता नवीन भांडण. भाऊ म्हणतो पहिल्या नंबरावर सीओईपी कॉम्प्युटर कशाला टाकता, मिळणार नाहीच, पहिला नंबर फुकट जाईल, जे मिळणार आहे तेच वर टाका.

सर_नाही_मास्तर

भावाला नम्र नमस्कार सांगा आणि सांगा की ही महाराष्ट्रातली सगळ्यात लोकप्रिय चूक आहे. फॉर्ममध्ये जागा भरपूर असतात, पहिला नंबर फुकट जात नाही. मशीन तुमचा मेरिट नंबर घेतं आणि तुमच्या यादीत वरून खाली उतरत जातं, जिथे तुमच्या नंबराला जागा शिल्लक असेल तिथे थांबतं. वर अशक्य दहा कॉलेजं टाकली तरी अकराव्यावरचा हक्क जात नाही. म्हणून यादी लावायची ती मनातल्या क्रमाने, कटऑफच्या क्रमाने नव्हे.

धोका उलटा आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो ऑटो फ्रीज होतो, तिथे प्रवेश घ्यायचाच, पुढच्या फेऱ्या बंद. आणि २०२५ पासून चार फेऱ्या आहेत, दुसऱ्या फेरीत वरच्या तिनातलं काही मिळालं आणि तिसऱ्यात वरच्या सहातलं मिळालं तरी तेच बंधन. त्यामुळे "असू दे बॅकअप म्हणून" असलं काही वर टाकायचं नाही. माझ्यासमोर एक बाप रडलेला आहे, मुलाने घराजवळचं कॉलेज सेफ म्हणून एक नंबरावर टाकलं, तेच मिळालं, आणि त्याच्या मेरिटला त्याहून तीन चांगली कॉलेजं उघडी होती. नियम बघायला माहितीपुस्तिका आहे, ती वाचायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तरी वाचा.

डीटूडी_दादा

मास्तरांना +१. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, आमच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने यादी भरून दिली, पन्नास रुपये घेतले आणि क्रम अल्फाबेटिकल लावला. अजून घरी त्याचं नाव निघालं की वडील चप्पल शोधतात.

नागपुरी_संत्रं

ताई जेईई मेन दिली नव्हती का मुलीने? नागपूरच्या व्हीएनआयटीत (जेईईवर प्रवेश मिळणारं केंद्रीय कॉलेज) निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात. मेकॅनिकलच पाहिजे तर तिथलं पण बढिया आहे, अन् नागपुरात राहायला मेस स्वस्त. उन्हाळ्याचं तेवढं बघून घ्या.

यंत्रमागकरीण

दिली होती. जेईईचं नाव घरात काढायचं नाही असा ठराव झालाय, तो एकच ठराव एकमताने पास झाला.

फोंडेकर

तुम्हा लोकांचं बघून गंमत वाटते. आमच्या गोव्यात विद्यापीठाची इंजिनिअरिंग कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी. फर्मागुडीचं सरकारी, मग वेर्णा, फातोर्डा, शिरोडा, आसगाव. चहा थंड व्हायच्या आत चर्चा संपते. बिट्स आणि एनआयटी गोव्यात आहेत म्हणतात, पण तिथे गोंयकार शोधायला दुर्बीण लागते.

म्युनिकमावशी

जरा वेगळा पर्याय सुचवू का? जर्मनीत मशीनबाऊला म्हणजे आपल्या मेकॅनिकलला अजून खूप मान आहे. माझ्या शेजारच्या इंजिनिअरला लोक रस्त्यात डॉक्टरसारखे नमस्कार करतात (थोडं वाढवून सांगतेय).

रिकामटेकडा_९

आलं, जर्मनी आलं. धाग्याचं काश्मीर व्हायला, म्हणजे विषय भरकटायला सुरुवात.

म्युनिकमावशी

@रिकामटेकडा, ऐकून तर घ्या, मी उलटंच सांगणार होते. एजंट लोक "जर्मनीत शिक्षण फुकट" म्हणून बारावीच्या मुलांना पाठवतात, त्यांना हे सांगत नाहीत की नुसत्या बारावीवर बॅचलरला थेट प्रवेश सहसा नाही, आधी स्टुडियनकोलेग (पूर्वतयारीचा कोर्स) करावं लागतं, तेही बऱ्याच ठिकाणी जर्मनमधून. एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं. ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्या-खाण्याचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो (२०२५ चा आकडा) आधी दाखवायचे. आणि फुकट म्हणाल तर इथल्या टीयूनेच (म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ) २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तर २०१७ पासून सेमिस्टरला पंधराशे युरो आहेतच. म्हणून बॅचलर भारतातच चांगल्या सरकारी कॉलेजातून करा, मास्टर्सला या. मास्टर्सला अर्ज करताना मात्र बॅचलरचा विषय जुळावा लागतो, मेकॅनिकल करून इथे इन्फॉर्माटिकला शिरायचं म्हटलं तर क्रेडिट मोजून परत पाठवतात. हा मुद्दा ब्रँच निवडताना लक्षात ठेवा.

शिवाजीनगर_स्थानक

मावशींनी शेवटी सांगितलेलं सोनं आहे. "ब्रँच काहीही घ्या, नंतर बदलता येते" असं सांगणाऱ्यांनी हे वाचावं. मी स्वतः कालपर्यंत तेच सांगत होतो.

चिमणी_७७

मला त्या साडेतीन लाखवाल्या फोनबद्दल बोलायचंय. ताई, टोकन भरू नका हो. माझ्या भाच्याच्या वेळी असाच फोन, "सर तुमच्या मुलाची प्रोफाइल आमच्या डीनना आवडली", टोकन पंचवीस हजार. कॅपला दुसरीकडे नंबर लागल्यावर ते पैसे मागायला माझा भाऊ चार वेळा गेला, दर वेळी नवीन मॅडम आणि जुनं उत्तर. नाव घेत नाही. ब्रोशरवर प्लेसमेंटचा जो कोट्यवधीचा आकडा असतो तो एका मुलाचा असतो. मधल्या मुलाचा आकडा विचारायचा, आणि किती मुलं प्लेसमेंटला बसली होती ते विचारायचं. हे दोन प्रश्न विचारले की फोन आपोआप कट होतो, करून बघा.

सर_नाही_मास्तर

आणि फीचं बघा ताई. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. आधी पन्नास टक्के होती. पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठ, खाजगी विद्यापीठ यांना ती लागू नाही. म्हणजे तुमचा हिशोब "सीओईपीची फी विरुद्ध साडेतीन लाख" असा नाहीच, "शून्याच्या आसपास विरुद्ध चौदा लाख" असा आहे. हॉस्टेल-मेस मात्र खिशातून. सर्टिफिकेटं आहेत ना?

यंत्रमागकरीण

ईडब्ल्यूएसचं आहे, उत्पन्नाचा दाखला पण काढलाय, तहसीलला तीन हेलपाटे मारून. चौदा लाख वाचून हिचे बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, चौदा लाखात दोन सेकंडहँड रॅपिअर (बिनधोट्याचे आधुनिक माग) येतात.

पोलादी_पोपट

सासरेबुवांना सांगा, आमच्याकडून त्यांना चहा.

यंत्रमागकरीण

@पोलादी_पोपट सासरे नव्हे हो, नवरा :) बाबा म्हणजे लेकीचे बाबा.

पोलादी_पोपट

अरे देवा, जीभ चावली. चहा दोन कप.

अर्धा_चहा

माझी एक शंका. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांपैकी किती सगळ्या ब्रँचना बसू देतात? आमच्या वेळी नोटीस बोर्डावर "फक्त कॉम्प/आयटी" असा कागद लागायचा आणि आम्ही तो वाचून मिसळ खायला जायचो. सीओईपीला परिस्थिती वेगळी असेल तर कोणीतरी आत्ताच्या मुलाने सांगा, आपण सगळे म्हातारे आपापल्या सालातून बोलतोय.

टीवाय_चा_तुकाराम

मी आत्ताचा मुलगा, सरकारी कॉलेज, मेकॅनिकल थर्ड इयर, कॉलेज सांगत नाही. "फक्त कॉम्प/आयटी" चा कागद अजून लागतो, आता व्हॉट्सॲपवर लागतो. पण सगळ्यांना खुल्या असलेल्याही बऱ्याच येतात, त्यात ॲप्टिट्यूड आणि कोडिंग टेस्ट असते, ती पास झालास तर ब्रँच कोणी विचारत नाही. आमच्या वर्गातले अर्धे लोक रात्री डीएसए (कोडिंग टेस्टचा अभ्यास) करतात आणि सकाळी थर्मोच्या लेक्चरला झोपतात. मग ना धड थर्मो ना धड कोडिंग. ज्यांना खरंच मशीनमध्ये रस आहे ते बाहा-सुप्राच्या (गाडी बनवायच्या कॉलेज-स्पर्धा) टीममध्ये घुसतात, वर्कशॉपमध्ये रात्र काढतात, त्यांच्याकडे कंपन्या स्वतः बघतात. ते वर्गात पंधरा-वीस असतील. काकू तुमची मुलगी त्या वीसातली वाटते. पण उरलेल्या चाळीसातली निघाली तर मात्र चार वर्षं फार लांब वाटतात हे पण सांगून ठेवतो.

शिवाजीनगर_स्थानक

तुकाराम, तुझा प्रतिसाद मी प्रिंट काढून माझ्या पुतण्याला देणार आहे.

खडूसकाका

नवीन ब्रँचांबद्दल कोणीच बोललं नाही. २०२० पासून एआय-डीएस, एआय-एमएल, आयओटी, सायबर अशी नावं निघाली. त्यात २०२४ ला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या कॉलेजांवरची ब्रँचनिहाय जागांची मर्यादा उठवली, मग काय, कॉम्प्युटरच्या तुकड्याच तुकड्या. इमारत तीच, लॅब तीच, आणि शिकवणारे मास्तरपण तेच (मास्तर रागावू नका).

सर_नाही_मास्तर

रागावत नाही. मीच तो मास्तर. गेल्या वर्षी दोन तुकड्यांना शिकवायचो, यंदा चार. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरचाच असतो, म्हणून पाटीवरच्या नावाने घाबरू नये आणि भाळूही नये, त्या तुकडीची पहिली बॅच बाहेर पडली का आणि एनबीए (दर्जाची मान्यता) आहे का तेवढं बघावं.

नागपुरी_संत्रं

दोन दिवस झाले, ताई गायब. फॉर्म भरला का?

यंत्रमागकरीण

भरला भरला. सांगते सगळं, जरा लांबेल.

परवा रात्री सभा चालू असताना आमचे जॉबर मामा हिशोबाला आले होते. ते आमच्याकडे तीस वर्षं आहेत, शिक्षण सातवी, मागाचा नुसता आवाज ऐकून सांगतात की कुठला बोल्ट ढिला आहे. लेकीला वाटलं मामा आपल्या बाजूने बोलतील. तर मामा म्हणाले, पोरी मेकॅनिकल काय करतीस, ते मी शिकवलंय की तुला. आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, दोन वर्षांपूर्वी मालकांनी ते दोन रॅपिअर आणले, त्यातला एक बंद पडला की मी काय करतो? झाकण उघडतो, आत हिरवा बोर्ड बघतो आणि झाकण लावतो. मग इचलकरंजीहून माणूस येईपर्यंत दोन दिवस माग उभा. बाण्याचा धागा तुटलेला नसताना सेन्सर तुटला म्हणतो आणि माग थांबतो, आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. मला जे येत नाही ते शिकून ये.

लेक गप्प झाली. मग ती उठली आणि मोबाईलवर सीओईपीच्या सगळ्या ब्रँचचे सिलॅबस काढून बसली, रात्री एकपर्यंत. सकाळी म्हणाली आई, इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल. सेन्सर, कंट्रोल सिस्टिम, पीएलसी, हे सगळं त्यात आहे, आणि मशीन सुटत नाही. मी म्हटलं हे तर आपल्या वहीत होतं, एल च्या रांगेत, आपण त्याच्याकडे बघितलं पण नाही. मी आणि माझा भाऊ मेकॅनिकल-कॉम्प्युटर, मेकॅनिकल-कॉम्प्युटर करत बसलो होतो.

यादी अशी लावली: सीओईपी कॉम्प्युटर (भावाच्या समाधानासाठी, मास्तरांनी सांगितलंय फुकट जात नाही), सीओईपी ईएनटीसी, मग इलेक्ट्रिकल, मग इन्स्ट्रुमेंटेशन, मग मेकॅनिकल, मग व्हीजेटीआयचं इलेक्ट्रॉनिक्स, वालचंदचं आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्स, आणि खाली अजून वीसेक.

सर_नाही_मास्तर

थांबा ताई. कॉम्प्युटर पहिल्यावर ठेवलंत, समजा चमत्कार झाला आणि मिळालं तर ऑटो फ्रीज. मुलीला चालेल का? आणि ईएनटीसी, इलेक्ट्रिकल तिला इन्स्ट्रुमेंटेशनपेक्षा खरंच जास्त हवंय की ते कटऑफ जास्त आहे म्हणून वर गेलं?

यंत्रमागकरीण

पकडलंत. कटऑफ जास्त म्हणून. लेकीला विचारलं, इलेक्ट्रिकल खाली आणलं. कॉम्प्युटर भावासाठी राहू दिलं, मिळालं तर बोर्डाच्या आतला प्रोग्राम लिहीन म्हणते. फॉर्म आता कन्फर्म केलाय, ओटीपी बाबांच्या मोबाईलवर आला आणि बाबा मागावर होते, तो वेगळाच किस्सा.

डीटूडी_दादा

अन्सपोर्टिंग भावाला पहिला नंबर दिलात, मोठं मन आहे.

पोलादी_पोपट

जॉबर मामांना माझा साष्टांग नमस्कार. असा माणूस आमच्या फाउंड्रीत असता तर मी त्याच्या हाताखाली काम केलं असतं.

अर्धा_चहा

मी हरलो असं मानत नाही, पण इन्स्ट्रुमेंटेशनवर माझ्याकडे पन्नास उदाहरणं नाहीत हे कबूल.

यंत्रमागकरीण

पहिली फेरी लागली!! सीओईपी, इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल, यादीत तिसऱ्या नंबरावरचं. आता दुसऱ्या फेरीत वरच्या दोनसाठी थांबायचं का विचारलं तर लेक म्हणाली नको, फ्रीज कर. भावाने फोनवर "बरं" एवढंच म्हटलं, पण संध्याकाळी त्याने पाठवलेले पाच हजार आले, लॅपटॉपच्या बॅगेसाठी. नुसत्या बॅगेला पाच हजार! जॉबर मामांनी सगळ्या कारागिरांना पेढे वाटले, आणि आजच सकाळी तो दुसरा रॅपिअर पुन्हा बंद पडलाय, मामा तिला बोलवायला दारात उभे होते. मी सांगितलं अहो अजून कॉलेज सुरू व्हायचंय.

सगळ्यांचे मनापासून आभार.

शिवाजीनगर_स्थानक

अभिनंदन!! बोट क्लबला लावा तिला.

चिमणी_७७

खूप खूप अभिनंदन ताई. विट्याहून येताना इथल्या सगळ्यांना एकेक मीटर कापड.

टीवाय_चा_तुकाराम

अभिनंदन काकू. हॉस्टेलचा फॉर्म वेगळा असतो, कॅपमधून आपोआप होत नाही. भरला का?

यंत्रमागकरीण

अरे देवा. वेगळा असतो? कुठे भरायचा असतो तो?